कुरणावरचे पाच ढीग

१

खिंडीपर्यंत सगळ्यांच्या पुढे असलेली आमची मोसेले अकरावी होऊन गावात शिरली, आणि तिनं हेल्मेट काढायच्या आत तिच्या नावावर काट मारली गेली.

मी शेवटच्या रेषेजवळ कढईपाशी उभी होते. शर्यतीच्या दिवशी चर्चच्या आम्ही बायका स्वारांसाठी माकोएन्या तळतो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे. शनिवार माझा उपासाचा, म्हणून मीठ बरोबर पडलंय का ते शेजारणीकडून चाखून घ्यायचं, बाकी डोळे वाटेवर. त्यामुळे मोसेलेची मोटारसायकल ओढ्याच्या वळणावर दिसली ती मला सगळ्यांत आधी. पुढचा ब्रेक वाकलेला होता. डाव्या गुडघ्यावर पँट फाटून रक्त वाळलं होतं.

मासेरूहून नोंदी ठेवायला आलेली औसी, म्हणजे ताई, लिपुओ कागद घेऊन पुढे झाली. शहरातली मुलगी. कानामागे दोन पेनं, आणि आवाजात जराही आडवळण नाही.

"औसी मोसेले, तुम्ही खिंडीनंतर फिती लावलेली वाट सोडलीत. कड्याखालून लांबच्या वाटेनं आलात. बरोबर?"

"बरोबर."

"मग नियमानं तुम्ही बाद."

चोवीस वर्षांची मुलगी ती. या शर्यतीत आपल्या देशाचा जो स्वार पहिला येईल, त्याला देशाच्या संघात जागा मिळणार होती. एकच जागा. आमच्या डोंगरातून तिथवर आजपर्यंत कुणी पोचलेलं नाही, पुरुषही नाही. मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही. लंगडत थेट मोरेना मासेनातेंच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

मोरेना म्हणजे आमच्या हा-रामोरा गावच्या प्रमुख. नवऱ्यामागं एकोणीस वर्षं त्यांनी गाव चालवलंय. घोंगडी पांघरून, टोपी डोळ्यांवर ओढून त्या शर्यत बघत बसल्या होत्या.

"मोरेना," मोसेले म्हणाली, "खिंडीपलीकडचं कुरण बंद केलंत, तर मला एक शब्द सांगायचात. मी तर तुमच्याच गावची. दगडांचे ढीग दिसले, मी थांबले. तुमच्या दगडांवरून मी गाडी नेईन होय?"

मोरेनांनी टोपी वर केली.

"किती ढीग?"

"पाच."

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "मी या वर्षी कुठलंच कुरण बंद केलेलं नाही."

२

आमच्याकडे गवताला विश्रांती द्यायची असली की मोरेना गुडघाभर उंचीचे दगडांचे ढीग एका रांगेत लावून घेतात. त्या रांगेपलीकडे गुरं नाहीत, घोडं नाही, चाक नाही. ते ढीग उचलायचा हक्क लावणाऱ्याला, नाहीतर मोरेनांना. चालायला लागलेलं मूलसुद्धा हे जाणतं. पण शर्यतीतले बाकीचे अठरा स्वार मासेरूचे, नाहीतर सरहद्दीपलीकडचे. त्यांना दगड म्हणजे दगड. ते मधून सरळ निघून गेले.

म्हणजे ज्यानं ते ढीग रचले, त्याला एकाच माणसाला थांबवायचं होतं.

पोप्लरच्या झाडांखाली, दगडी कुंपणात, मोरेनांची न्यायाची बैठक भरते तिथं सगळे जमले. मोरेनांनी मला जवळ बसवून घेतलं. "मात्शेपो, तू लिही. तू ऐकतेस तेवढंच लिहितेस." त्यांच्या बैठकीची वही गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे.

लिपुओ घड्याळ बघत होती. "मोरेना, मला चार वाजता यादी पाठवायची आहे. माझ्या हातात दोनच गोष्टी आहेत. अडथळा शर्यतीच्या आधीपासून असेल, तर तो सगळ्यांना सारखाच. मोसेले बाद. पण सकाळी वाट उघडल्यानंतर कुणी माणसानं ती अडवली असेल, तर तेवढा टप्पा तिला पुन्हा चालवता येतो. मला पुरावा हवा. गावाची माया नको."

"माया आम्ही घरी ठेवतो," मोरेना म्हणाल्या. "आधी मोसेले, तू सांग. ढीग दिसल्यावर काय केलंस?"

"गाडी थांबवली. पहिल्यांदा वाटलं, काही हरकत नाही, पाण्याच्या वाटेनं जाऊ. म्हणून रांगेच्या कडेकडेनं झऱ्यापर्यंत गेले. वाट नव्हती. मग परत दुसऱ्या टोकाला. तिथंही नव्हती. यातच वेळ गेला, मोरेना. शेवटी कड्याखालून फिरून आले, तिथं पडले."

"पाण्याची वाट नव्हती?" मोरेनांनी विचारलं.

"नव्हती. शेवटचा ढीग अगदी झऱ्याच्या तोंडावर."

मागं बसलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघून पुटपुटले. मी तसंच लिहून घेतलं.

मग न्ताते सेखोबेंना उभं केलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही न्ताते म्हणतो, बाईला म्मे. त्यांचं घर खिंडीच्या वर, मेंढरं दोनशे, राग त्याहून जास्त. गेल्या वर्षी या गाड्यांच्या आवाजानं त्यांची घोडी बुजली आणि पोटातलं शिंगरू गेलं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, कुरण बंद करा.

"मी कशाला ढीग लावू?" ते गरजले. "लावले असते तर माणसाच्या उंचीचे लावले असते, आणि वर मीच बसलो असतो काठी घेऊन!"

कुणीतरी हसलं.

"हसा! पोरीनं घागर उचलायची, तर ही यंत्र उचलते. माझा विरोध आहे, आणि तो मी तोंडावर सांगतो. सकाळी नऊ वाजता घोडी पाण्याला नेली. तेव्हा कुरणावर एकही ढीग नव्हता. लिही, म्मे मात्शेपो. एकही म्हणजे एकही नाही."

"न्ताते, लहानपणी गुरं कुठं राखलीत?" मोरेनांनी मध्येच विचारलं.

"कुठं म्हणजे? त्याच कुरणात. तुमच्या सासऱ्यांच्या काठीचे वळ अजून आहेत पाठीवर."

पुढचा कोबस. सरहद्दीपलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घोड्याएवढा उंच, पहिला आलेला. मोसेले बाद झाली तर, परदेशी म्हणून संघातली जागा नाही, पण चषक त्याचा. आमची भाषा तो आमच्यासारखी बोलतो. लहानपणापासून त्याच्या शेतावर आमचीच माणसं. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

"दगड पाहिलेस?"

"पाहिले की. तिसऱ्याला माझं मागचं चाक लागलं, सगळा कोसळला." त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं कुणाची तरी कबर. मी उतरलो, दगड परत रचले. मला जमतील तसे. टोपी काढायला हवी होती, पण हेल्मेट निघेना. मनात माफी मागितली आणि निघालो."

"शर्यत चालू असताना?" लिपुओनं विचारलं.

"आईला कळलं असतं की मेलेल्या माणसावरून गाडी घातली, तर घरात घेतलं नसतं."

"गुरं राखलीस कधी?"

"आमच्याकडे तारेचं कुंपण, मोरेना. गुरं स्वतःच स्वतःला राखतात."

शेवटी न्ताते फाको. आमच्या शाळेचे मास्तर, आणि या शर्यतीची वाट आखणारे. मोसेलेला गाडीवर पहिल्यांदा बसवलं ते त्यांनी. स्वतःही जुने स्वार. आदल्या दिवशी फिती बांधायच्या आणि शर्यतीच्या सकाळी पहिल्या स्वाराच्या तासभर पुढे राहून वाट तपासत जायचं, हे काम त्यांचं. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"ढीग काल संध्याकाळपासूनच होते, मोरेना. फिती बांधताना पाहिले. वाटलं तुमचा हुकूम असेल. आजही तसेच होते. मोसेलेला सांगायला हवं होतं, ही माझी चूक. पोरीनं माझ्यामुळं..."

लिपुओनं पेन उचललं. काल संध्याकाळपासून. म्हणजे आधीचाच अडथळा. म्हणजे बाद.

"आणि मास्तर, तुम्ही गुरं कुठं राखलीत?"

फाको कसंनुसं हसले. "मासेरूत कुठली गुरं, मोरेना! वडील कारकून. मी लहानपणी फक्त बस राखली. ती वेळेवर यायची नाही."

एकानं नऊ वाजता ढीग नव्हते म्हणायचं, दुसऱ्यानं कालपासून होते म्हणायचं. दोघांतला एक खोटं बोलत होता. सेखोबेंचा राग सगळ्या गावाला ठाऊक होता. मास्तरांवर सगळ्या गावाची श्रद्धा होती. लिपुओ काट पक्की करायला निघाली होती, तेवढ्यात मोरेना उठल्या.

"माझं घोडं आणा. औसी लिपुओ, तुम्हीही चला."

"मी? घोड्यावर?"

"पुरावा तुम्हाला हवाय ना? तो वर आहे."

३

खिंडीपर्यंत मोटारसायकलला दहा मिनिटं लागतात, आमच्या डोंगरी घोड्यांना अर्धा तास. पण घोड्यांना पडायची सवय नाही. लिपुओनं वाटभर डोळे मिटून घेतले होते. मी मागून खेचरावर, मनात जपमाळेचे मणी ओढत. आपल्या गावातला कुणी खोटं बोलला असेल, तर ते सेखोबेच असू देत, असं एकदा मनात आलं, आणि मला माझीच लाज वाटली. रागीट माणूस खोटारडा असायला हवा, असं देवानं कुठं लिहून ठेवलंय?

कुरण कड्याच्या दक्षिण अंगाला, म्हणजे आमच्याकडे सावलीच्या बाजूला आहे. हिवाळ्यात तिथं ऊन यायला साडेदहा होतात. आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते, उघड्यावरचं गोठलेलं दंव केव्हाच विरघळून गवत ओलं झालं होतं.

पाच ढीग. कड्यापासून थेट झऱ्यापर्यंत, सरळ रांगेत. छान सारखे रचलेले, पुस्तकातल्या चित्रासारखे. तिसरा तेवढा वाकडातिकडा, शेजारी चाकाचा खोल चर. कोबसनं थडगं म्हणून रचलेला. मोरेना त्याच्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या.

"याच्या आईला सांगायला हवं, मुलगा बरा वाढवलाय."

मग त्या पाचव्या ढिगाजवळ गेल्या. झऱ्याचं पाणी त्याच्या पायाशी वाहत होतं. ढीग आणि पाणी यांच्यात पाऊल मावतंय का, ते त्यांनी पाय टाकून पाहिलं.

"मात्शेपो, दुसरा ढीग काढ. वरून एकेक. खालचे दगड सरळ वर उचल, घासू नकोस."

मी उचलू लागले. शेवटचे चार दगड जमिनीला चिकटल्यासारखे होते. पहिला निघाला तेव्हा लिपुओ वाकली.

दगडाखाली जमीन पांढरी होती. पहाटेचं गोठलेलं दंव, पिठासारखं, जसंच्या तसं. दुसरा दगड काढला. तिथंही पांढरं. तिसऱ्याखाली पांढऱ्यात एक काळा अर्धा चंद्र दाबलेला होता.

"खूर," मी म्हणाले.

"घोडीचा," मोरेना म्हणाल्या. "बघून घ्या, औसी. नीट बघा. फोटो काढा. आणि मग मात्शेपो, दगड जसे होते तसे ठेव. ते उचलायचा मान दुसऱ्याचा आहे."

४

परतलो तेव्हा दीड वाजला होता. बैठकीत जागा उरली नव्हती, माणसं कुंपणावर चढून बसली होती. मोसेले एका बाजूला गाडीचा वाकलेला ब्रेक दगडानं ठोकून सरळ करत होती. जणू तिला कुणी अजून बाद केलंच नव्हतं.

मोरेना बसल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नाही. सगळे आपोआप पुढं वाकतात.

"आधी वेळ. एक साक्ष म्हणते, ढीग कालपासून होते. दुसरी म्हणते, सकाळी नऊला नव्हते. ढिगाखाली आज पहाटेचं दंव आहे. काल संध्याकाळी दगड ठेवले असते, तर दंव दगडांवर पडलं असतं, खाली नाही. आणि त्या दंवात घोडीचा खूर उमटलाय. म्हणजे दंव पडलं, मग घोडी गेली, मग दगड आले. सेखोबे न्ताते, तुमची घोडी तुमच्यापेक्षा कमी बोलते, पण तिनं तुमची साक्ष दिली."

सेखोबेंनी छाती पुढं काढली. "ती लहानपणापासून प्रामाणिक आहे!"

"नऊनंतर, आणि मोसेले पोचली त्या साडेदहाच्या आधी. त्या दीड तासात कुरणावर कोण होतं? कोबस तेव्हा शर्यतीत, मोसेलेच्या दोन मिनिटं मागं होता, खिंडीपर्यंतच्या प्रत्येक ठाण्यावर नोंद आहे. आणि पहाटे शर्यत सुटायच्या आधी तो कुठं होता, मात्शेपो?"

"माझ्या कढईसमोर, मोरेना. नऊ गोळे खाल्ले."

"सात," कोबस म्हणाला.

"नऊ," मी म्हणाले.

"सेखोबे त्या दीड तासात तिथं येऊ शकत होते. घर वरच आहे. राग आहे. मला शंका येऊ शकली असती." मोरेना थांबल्या. "पण मोसेले म्हणाली, पाण्याची वाट नव्हती."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. लिपुओ गोंधळून बघत होती, म्हणून मोरेना तिच्याकडे वळल्या.

"औसी, आमच्याकडे गवत बंद करतात, पाणी कुणी बंद करत नाही. कुरणात झरा असला की त्याच्या बाजूला सात पावलं मोकळी सोडायची. तेवढ्या वाटेनं कुणीही जावं, पाणी प्यावं, पार व्हावं. हा काही हुकूम नाही, हे कुठं लिहिलेलं नाही. लहानपणी गुरं राखताना ते पायांना कळतं, कारण तहानलेली गाय तुम्हाला तिथंच ओढत नेते. मोसेलेला भाऊ नव्हता, बापाची गुरं तिनंच राखली. म्हणून ढीग दिसताच ती आधी ती वाट शोधायला गेली. सेखोबेंनी ढीग लावले असते, तर कितीही रागात असले तरी हात आपोआप सात पावलं सोडून थांबला असता. त्यांची स्वतःची घोडी तिथंच पाणी पिते."

कुंपणावरच्या माणसांनी माना पुढं काढल्या.

"हे ढीग लावणाऱ्याला आमचा कायदा नीट माहीत आहे. रांग सरळ, उंची बरोबर, ढिगांमधलं अंतर बरोबर. तो हा कायदा वर्गात शिकवतो, आणि चांगला शिकवतो. मोसेलेलाही त्यानंच शिकवला, म्हणून त्याला खात्री होती की ती थांबेल. पण त्यानं तो पुस्तकातून घेतला. त्याच्यामागं तहानलेली गाय कधी चाललेली नाही." त्यांनी मान वळवली. "आणि नऊ ते साडेदहाच्या मध्ये, सगळ्यांच्या तासभर आधी, एकटाच माणूस त्या खिंडीतून गेला. वाट तपासायला."

फाको बसलेलेच राहिले. हातातली टोपी ते गोल गोल फिरवत होते.

"मास्तर," मोसेले म्हणाली. तिच्या हातात तो दगड अजून होता. "का?"

फाकोंनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"अकरा वर्षं," फाको म्हणाले. "अकरा वर्षं या वाटेवरचा सगळ्यांत कमी वेळ माझा आहे. मी इथला नाही, मोसेले. बायकोच्या गावात राहणारा मासेरूचा माणूस. इथं माझं म्हणून तेवढं एकच होतं. गेल्या आठवड्यात तुझा सराव मोजला. तू ते घेणार होतीस. मला वाटलं, दहा मिनिटं उशीर झाला की पुरे. तू पहिली येऊ नयेस असं मनात नव्हतं. तू बाद व्हावीस असं तर..."

"पण मी बाद झाल्यावर तुम्ही उठून काल संध्याकाळ म्हणालात."

"म्हणालो."

"सेखोबे न्तातेंवर जाणार होतं ते बालंट."

फाकोंनी मान खाली घातली. "जाणार होतं."

"तुम्ही मला पहिल्यांदा गाडीवर बसवलंत," मोसेले म्हणाली, "तेव्हा सांगितलं होतंत, उतारावर ब्रेकवर विश्वास ठेव, भीतीवर नाही. ते मी शिकले. तुम्ही नाही शिकलात."

मला वाटलं कुणीतरी ओरडेल, शिव्या देईल. पण आपल्याच माणसानं केलं की गाव असंच गप्प होतं.

लिपुओनं घसा साफ केला. दुसरं पेन कानामागून काढलं, पहिल्या पेनानं मारलेली काट दोनदा खोडली. "वाट उघडल्यानंतर माणसानं केलेला अडथळा. खिंडीपासून शेवटपर्यंतचा टप्पा पुन्हा. खिंडीपर्यंतची वेळ कायम. मोरेना, आता वाजलेत दोन."

५

मोरेनांचा निवाडा लहान होता. फाकोंनी स्वतः वर जायचं आणि पाचही ढीग आपल्या हातांनी, एकेक दगड, जिथून आणला तिथं नेऊन ठेवायचा. मग खाली येऊन शेवटच्या रेषेवर घड्याळ धरायचं आणि मोसेलेची वेळ सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचायची.

"घड्याळ माझ्याकडे असायला हवं," लिपुओ म्हणाली.

"तुम्हीही धरा. त्यांनी वाचायचं."

फाको आपल्या गाडीवरून वर गेले. कुणी त्यांच्याबरोबर गेलं नाही. खालून आम्ही बघत होतो, काळ्या कड्याखाली एक माणूस वाकतो, उठतो, चालतो, पुन्हा वाकतो. रचायला त्यांना वीस मिनिटं लागली असतील. मोडायला त्याहून थोडी जास्त.

सेखोबेंनी काठी उचलली.

"न्ताते, कुठं?" मोसेलेनं विचारलं.

"माझी दोनशे मेंढरं उतारावर पसरलीत. तुझ्या चाकाखाली एक जरी आलं तर तुझ्या बापाकडून दोन घेईन." ते चार पावलं चालले, मग वळले. "वर नेतो त्यांना. उतार मोकळा ठेवतो. आणि आवाज कमी करता आला तर बघ त्या यंत्राचा."

कोबस येऊन मोसेलेच्या गाडीजवळ बसला. चाकातली हवा बोटानं दाबून पाहिली. "माझी वेळ चार तास, सोळा मिनिटं, चाळीस सेकंद. थडग्यासकट."

"थडगं तुझं तू रचलंस. मी सूट देणार नाही."

"मागितली कुणी? खाली ये, मग बघू."

गुडघ्याला मी पट्टी बांधली. तिनं मोटोहोचा एक पेला घेतला, आंबट पेजेचा, आणि सगळी पेज एका दमात संपवली. मग वर गेली.

पावणेतीनला खिंडीवरच्या ठाण्याचा झेंडा पडला.

सुरुवातीला काहीच दिसत नाही. नुसता आवाज, कड्याला धडकून परत येणारा. मग कुरणावर एक लाल ठिपका, सरळ, कुठंही न अडखळता. मग तो उताराच्या घडीत नाहीसा झाला. वारा उलटा सुटला होता, दुपारचा खालून वर येणारा, तो गाडीला मागं ढकलतो. तिचे पाय सकाळपासून थकलेले, गुडघा सुजलेला. बायका एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मोरेना खुर्चीवरून उठल्या होत्या, आणि त्या उठतात तेव्हा कुणी बसत नाही.

घळीतून गाडी वर आली तेव्हा तिची मागची बाजू घसरली. माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. मोसेलेनं पाय टेकवला, तोच दुखरा पाय, गाडी सरळ केली, आणि ओढ्याच्या पाण्यातून अशी आली की दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या. रेषेवर गर्दीनं वाट दिली. ती रेषा ओलांडून पुढं गेली, वळली, आणि गाडी बंद केली.

फाकोंनी घड्याळ दोन्ही हातांत धरलं होतं. हात दगडांनी सोलवटलेले. शेजारी लिपुओनं आपलं घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दोन्ही पाहिली. एकदा ओठ हलले, आवाज आला नाही.

"मोठ्यानं," मोरेना म्हणाल्या.

"चार तास," फाको म्हणाले. मग वर्गात म्हणत तसं, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, "चार तास, चौदा मिनिटं, नऊ सेकंद. पहिली, मोसेले."

मग जे झालं ते मी वहीत लिहिलं नाही, कारण लिहिता आलं नसतं. बायकांच्या आनंदाच्या ललकाऱ्यांनी कडा भरून गेला. कोबसनं हेल्मेट आभाळात फेकलं आणि ते परत झेलायला विसरला. लिपुओनं यादीवर नाव लिहिलं, पाठवलं, आणि मग कुणी बघत नाही असं समजून दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. सेखोबे वरून काठी हलवत होते. रागानं की आनंदानं, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं, पण हलवत होते. आमच्या डोंगराची मुलगी देशाच्या संघात गेली होती, आणि ती आमचे दगड मानून गेली होती.

मोसेले मात्र गर्दीतून फाकोंसमोर आली.

"आणि तुमची वेळ किती होती, न्ताते?"

फाकोंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "चार तास, तेरा मिनिटं, पन्नास सेकंद."

तिनं मनातल्या मनात हिशोब केला. एकोणीस सेकंद.

"म्हणजे ते अजून तुमचंच आहे."

"माझंच."

"असू दे," मोसेले म्हणाली. तिनं हेल्मेट काखेत धरलं आणि मान अशी ताठ केली की लंगडणं दिसेनासं झालं. "एवढं वर्ष वापरा. पुढच्या हिवाळ्यात मी ते न्यायला येईन. तुम्ही फक्त वाट उघडी ठेवा."